कॅम्पर जानेवारीत स्पितीला न्यायची, तर पाण्याचं काय करायचं?

प्रश्न घणसोलीच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: "आमची टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर आहे. चेसिसखाली ८० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा पंप, फिल्टर, सिंक, शॉवर आणि १० लिटरचा गीझर. जानेवारीअखेर मी, मिस्टर आणि सासूबाई शिमल्याकडून स्पितीतल्या काझाला जाणार आहोत. गाडी बनवणाऱ्याने टाकीला थर्माकोल लावून दिलंय आणि खाली हीटिंग पॅड बसवलाय. २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आहे. एवढं पुरेल का? परत आल्यावर काही फुटलेलं नको."

ताई, पुरणार नाही. तुम्हाला टाकीची काळजी वाटतेय, पण पहिल्या एक-दोन रात्री टाकीला काही होणार नाही. फुटतील ते पाइपचे जोड, फिल्टरचा बाउल, गरम-गार पाण्याच्या मिक्सर नळाचं कार्ट्रिज (आतला व्हॉल्व्ह) आणि गीझर. माझा सल्ला सरळ आहे: शिमल्याहून काझाच्या वाटेवरचं रामपूर सोडायच्या आधी सगळी लाइन कोरडी करा आणि परत रामपूरला उतरेपर्यंत कोरडीच ठेवा. लागणारं पाणी कॅनमधून गाडीच्या आत न्या. का आणि कसं, ते आता सविस्तर.

माझं मूळ काम तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमधलं, गाड्यांचं काम नंतर आलं. पाणी गोठून पाइप फुटतो म्हटलं की नवी मुंबईत लोक हसतात. आपल्याकडे वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले तरी पेपरात फोटो येतो. पण टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यात उणे १८, उणे २०च्या खोल्या बारा महिने चालू असतात आणि त्यांतली एक लाइन कायम गोठायला टपलेली असते: डीफ्रॉस्टचं पाणी बाहेर नेणारी ड्रेन लाइन. कॉइलवरचा बर्फ ठरावीक वेळाने वितळवायचा, ते पाणी ट्रेमध्ये पडतं आणि पाइपने बाहेर जातं. त्या पाइपला आम्ही आधी सढळ उतार देतो. मग ट्रॅप, म्हणजे पाणी साचून राहतं ते वळण, खोलीच्या बाहेर, उबदार बाजूला काढतो. हीटर टेप गुंडाळायची ती शेवटी. उतार चुकलेल्या लाइनला कितीही हीटर लावा, ज्या रात्री हीटर जातो त्या रात्री लाइन बर्फाने भरते आणि सकाळी ट्रेमध्ये लादी तयार. तुमच्या गाडीत नेमका हाच क्रम उलटा झालाय. पॅड आधी आला आणि उतार कुणी पाहिलेलाच नाही.

आता टाकी का टिकते आणि पाइप का नाही, ते आकड्यांत बघा. ८० लिटर पाणी दहा अंशांवर असेल, तर ते पूर्ण गोठायला त्यातून साधारण ८ युनिट उष्णता बाहेर जावी लागते. लाइटबिलात मोजतो तेच युनिट. पाणी शून्याला पोचलं तरी त्याचा बर्फ व्हायला अजून प्रत्येक किलोमागे ३३४ किलोज्यूल बाहेर जावे लागतात, म्हणून मोठा साठा एका रात्रीत दगड होत नाही. याउलट तुमचा पाइप आतून १२ मिलिमीटरचा. आठ मीटर लांबीत लिटरभरसुद्धा पाणी मावत नाही, आणि ते गोठायला युनिटचा दहावा हिस्सा पुरतो. उणे २०मध्ये ते रात्रीच्या जेवणापर्यंतसुद्धा तग धरत नाही.

फुटण्याची तऱ्हाही समजून घ्या, कारण पुढची सगळी कामं तिच्यावर बेतलेली आहेत. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. पाइपात मध्येच बर्फाची गुठळी धरते, ती वाढत जाते आणि पुढचं न गोठलेलं पाणी बंद नळाकडे दाबत नेते. पाण्याला जायला जागा नसते, दाब चढत जातो आणि सगळ्यात कच्चा जोड सुटतो. म्हणून बर्फ एकीकडे आणि भेग दुसरीकडे असं दिसतं. पेक्सचा, म्हणजे लवचिक प्लास्टिकचा, पाइप थोडा ताणतो आणि बहुतेक वेळा वाचतो, पण त्याचे एल्बो आणि कनेक्टर ताणत नाहीत. सीपीव्हीसीचा कडक पाइप तर थंडीत ठिसूळच होतो, त्यात गाडीचे हादरे. तुमच्या गाडीत कुठे सीपीव्हीसी वापरला असेल तर जायच्या आधी बदलून घ्या.

थर्माकोलबद्दल एकच सांगतो. इन्सुलेशन उष्णता तयार करत नाही, ती जायला उशीर लावतं. टाकीत पाणी भरपूर, त्यामुळे तिथे तो उशीर कामाचा. बोटभर जाडीच्या पाइपावर तोच उशीर तास-दोन तासांचा. त्यात काझाला जानेवारीत भर दुपारीसुद्धा सावलीतलं तापमान शून्याच्या वर जाईलच असं नाही. म्हणजे दिवसा काही सावरत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाकीही गोठते. चेसिसखाली असल्याने चालत्या गाडीचा वारा लागतो तो वेगळाच. वारा पाण्याला हवेपेक्षा थंड करत नाही, पण तिथवर फार लवकर नेऊन ठेवतो.

पॅडचा हिशोब मिस्टरांनी स्वतः करून बघावा. साठ वॅटचा पॅड, वर आठ मीटर पाइपाला हीटिंग केबल लावली तर आणखी शंभर वॅट धरा. संध्याकाळी पाच ते सकाळी सात असे चौदा तास. झाले सव्वादोन युनिट. तुमची बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी अडीच युनिटची. दिवे, मोबाइल आणि हीटरचा पंखा कशावर चालवणार? आणि सकाळी ती भरायची कशी? लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, सेल कायमचे खराब होतात. बरा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) असेल तर तो चार्जिंग रोखतो, साधा असेल तर रोखत नाही. बॅटरी आत, सीटखाली असेल तर ठीक. बाहेरच्या पेटीत असेल तर ती आत घेणं हे पाण्याच्याही आधीचं काम. गाडीच्या अल्टरनेटरवरून ३० अँपिअरने भरली तरी सव्वादोन युनिटला सहा तास गाडी चालू हवी. केबल न लावता नुसता पॅड चालवला तर गंमत आणखी वेगळी: टाकीत कोमट पाणी, टाकीतून पंपाकडे येणारा हातभर पाइप गोठलेला आणि नळाला थेंब नाही.

उष्णतेसाठी बॅटरी नको, डिझेल वापरा. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट उष्णता असते. दोन किलोवॅटचा डिझेल एअर हीटर मध्यम गतीवर रात्रभरात दोन-तीन लिटर पितो आणि बॅटरीतून फारच थोडं घेतो. तो घ्याच, पण माणसांसाठी घ्या. पाणी त्याच्या भरवशावर सोडू नका. काझा सुमारे ३,७०० मीटरवर आहे. हवा विरळ, जळण अर्धवट होतं, चेंबरमध्ये काजळी धरते आणि पहाटे तीनला हीटर एरर दाखवून बंद पडतो. उंचीनुसार इंधन कमी करणारं मॉडेल घ्या, धुराड्याचा पाइप बाहेर नीट काढा आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. यात काटकसर नको. गॅस गीझर बंद गाडीत अजिबात नको, हेही इथेच सांगून ठेवतो.

डिझेलचाही एक डाव आहे. हीटरची दहा लिटरची स्वतंत्र टाकी लोक इथे तुर्भ्याच्या पंपावरच भरून निघतात. मैदानातल्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत बसतं आणि बारीक नळी तुंबते. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल २०१९मध्ये आलं, ते याच कारणासाठी. तुम्ही इथून हीटरची टाकी रिकामीच न्या. वर चढताना पंपावर हिवाळ्याचं डिझेल आहे का ते विचारून भरा आणि गाडीची टाकीही तिकडे येईपर्यंत खाली आणा.

आता मुख्य काम, लाइन कोरडी करणं. नळ उघडून पाणी थांबलं की लाइन रिकामी झाली असं सगळ्यांना वाटतं. नळातून पाणी यायचं थांबतं तेव्हा फक्त सहज येणारं पाणी आलेलं असतं. उरलेलं नेमकं तिथे बसतं जिथे फुटणार असतं.

आधी पंप बंद करून टाकीचा ड्रेन कॉक उघडा. ड्रेनच्या बाजूला गाडी कललेली हवी, हे लक्षात ठेवून जागा निवडा. मग गरम-गार सगळे नळ उघडा. शॉवरचा हात हुकवरून काढून खाली जमिनीवर सोडा आणि टॉयलेटजवळचा जेट स्प्रे दाबून धरा. जेट स्प्रे सगळे विसरतात. सिंगल लिव्हर मिक्सर असेल तर लिव्हर वर उचलून मधोमध ठेवा. एका बाजूला ठेवलात तर कार्ट्रिजच्या दुसऱ्या वाटेत पाणी अडकतं. टाकी रिकामी झाली की पंप काही सेकंद कोरडा चालवा, त्याच्या हेडमधलं पाणी तो स्वतः फेकतो. पंपाच्या तोंडाशी असलेल्या गाळणीचा पारदर्शक बाउल खोलून घ्या. तो जवळजवळ नेहमी पहिला तडकतो. फिल्टरची कँडल काढून घरीच ठेवा. आरओ असेल तर मेम्ब्रेनही, ओलं गोठलं की ते वाया गेलंच.

गीझर ही वेगळी केस. गरम पाणी बाहेर नेणारा पाइप त्याच्या टाकीच्या माथ्यावरून निघतो आणि पाणी आत आणणाऱ्या पाइपावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्यातच पाणी मागे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न असतो. म्हणजे सगळे नळ उघडलेत तरी दहाचे दहा लिटर आतच. खालचा ड्रेन प्लग स्पॅनरने खोलावाच लागतो आणि सेफ्टी व्हॉल्व्हची छोटी कडी उचलून हवा आत सोडावी लागते. रिकामा झाला की त्याचा फ्यूज काढून खिशात टाका. कुणी सवयीने बटण दाबलं तर एलिमेंट मिनिटांत जळतं.

बॉल व्हॉल्व्ह जरा हातात घेऊन बघा. आत भोक असलेला गोळा असतो. पूर्ण बंद केलात की त्या भोकातलं चमचाभर पाणी दोन्ही सीलच्या मध्ये कोंडलं जातं आणि जाड पितळी बॉडीलाही चीर पाडतं. म्हणून रिकाम्या लाइनचा प्रत्येक बॉल व्हॉल्व्ह हँडल तिरकं करून अर्धा उघडा ठेवायचा. कोल्ड स्टोरेजमध्ये नव्या पोराला आम्ही हे पहिल्याच दिवशी सांगतो.

यानंतर हवा मारायची. टायर फुगवायचा छोटा १२ व्होल्टचा इन्फ्लेटर दाब देतो, पण वारा फार कमी सोडतो, त्यामुळे पाणी पुढे ढकललं जात नाही. त्यापेक्षा अर्धा इंची एंड कॅपला भोक पाडून ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बसवा आणि ही कॅप सोबत ठेवा. पंपाच्या पुढच्या जोडावर लावली की रस्त्यावरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तुमच्या कामाचा. त्याच्या टाकीत दाब खूप असतो, म्हणून किमान दोन नळ उघडे ठेवूनच थोडी थोडी हवा सोडायला सांगा. गॅरेजमध्ये रेग्युलेटर असेल तर ३० ते ४० पीएसआय पुष्कळ झाले. लांबचा नळ आधी, मग जवळचे, आणि गरम-गार दोन्ही. नळातून तुषार यायचेही थांबले की पुढच्या नळाकडे वळा. त्या हवेत तेलाचा अंश असतो, तेव्हा परत आल्यावर लाइन नीट धुवायची.

सिंकखालच्या बॉटल ट्रॅपची वाटी खोलून रिकामी करा आणि तशीच सुटी ठेवा, खाली बादली. सांडपाण्याची टाकी वर वापरूच नका. तिचा व्हॉल्व्ह गोठला की ती उघडायला परत रामपूर गाठावं लागेल.

शॉवरचा ट्रॅप खोलता येत नाही, तिथे प्रॉपिलीन ग्लायकॉल ओता. ५० टक्के मिश्रण साधारण उणे ३३पर्यंत गोठत नाही. ज्यांना हवा मारूनही खात्री वाटत नाही त्यांनी गीझर बायपास करून, म्हणजे लाइनमधून वगळून, तीन-चार लिटर मिश्रण पंपाने पूर्ण लाइनमध्ये फिरवलं तर चालेल. ते बिनरंगी असतं, म्हणून जिलेबीचा रंग चिमूटभर टाका, म्हणजे नळाशी पोचलं की कळतं. पण मला यात एक भीती वाटते. खोकल्याच्या औषधांत विषारी डायएथिलीन ग्लायकॉल सापडल्याच्या बातम्या २०२२पासून आपण वाचतोय. तिथेही याच कुळातली रसायनं होती. सुट्या कॅनमधलं, स्वस्त म्हणून घेतलेलं ग्लायकॉल पिण्याच्या लाइनमध्ये मी सोडणार नाही. सीलबंद, फूड किंवा फार्मा ग्रेडचं, बॅचच्या सर्टिफिकेटसह मिळालं तरच. आणि गाडीचा हिरवा कूलंट कधीच नाही, तो एथिलीन ग्लायकॉल, सरळ विष. मिठाचं पाणी टाकायचा सल्लाही कुणीतरी देईल. पंप गंजवायचा असेल तर टाका.

हे सगळं काझाला पहिल्यांदा करायचं नाही, इथे करून बघायचं. ठाणे-नवी मुंबईत थंडी नाही म्हणून तपासता येत नाही, हे खरं नाही. लाइन कोरडी करून भरा आणि किती लिटर बसलं ते मापाने लिहून ठेवा. मग बेलापूरला पारसिक हिलच्या चढावर गाडी लावून वरच्या क्रमाने रिकामी करा आणि निघालेलं पाणी मापा. फरक पेलाभराचा आला तर छान. लिटरभराचा आला तर कुठेतरी पाइप झोळीसारखा लोंबतोय, तिथे क्लॅम्प मारून उतार करा किंवा सगळ्यात खालच्या जागी टी टाकून ड्रेन कॉक बसवा. मग मिक्सर, पंप आणि फिल्टरचं हेड असं सगळं रिकामं केलेल्या अवस्थेत सोडवा, पिशवीत घाला आणि ओळखीच्या आईस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा. तिथे उणे १८ असतं. सकाळी बाहेर काढून पूर्ण निवळू द्या आणि मगच दाब द्या, कारण बर्फ असेपर्यंत चीर दिसत नाही, बर्फच ती बुजवून धरतो.

मग वर पाणी कशातून वापरायचं? वीस लिटरचे तीन जार, तीन-चतुर्थांश भरलेले, गाडीच्या आत. जारवर बसतो तो चार्जिंगचा छोटा पंप घ्या, आपल्याकडे घरोघरी असतो तोच. झोपताना त्याची नळी काढून झटकून ठेवायची. खाली नळ असलेला कॅन नको, नळच आधी गोठतो. जार दाराजवळ किंवा पत्र्याला टेकवून न ठेवता मधल्या पट्ट्यात, जमिनीवर थेट न ठेवता फळीवर ठेवा. पिणं, चहा आणि स्वयंपाक धरून तिघांना दिवसाला पंधरा लिटर पुरतात. अंघोळ त्या थंडीत कुणाला आठवत नाही. रात्रीच्या दोन थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवा, सकाळचा पहिला चहा त्यावर होतो. सिलिंडरही आत घेता आला तर बघा. आपल्या एलपीजीत ब्यूटेनचा वाटा मोठा, आणि ब्यूटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचा थांबतो. बाहेरच्या कप्प्यात सिलिंडर भरलेला आणि शेगडी मंद, असं होतं.

जार भरायचे ते ज्या घरी मुक्काम कराल तिथे विचारून. स्पितीतली माणसं हिवाळ्यात नळांच्या नादाला लागत नाहीत. झऱ्यावरून किंवा हातपंपावरून पाणी आणून घरात तंदूरजवळ, म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या तिकडच्या शेगडीजवळ, साठवतात. संडासही कोरडे असतात, वरून माती-राख टाकायची. तिथे शतकानुशतकं राहणाऱ्यांनी जे सोडून दिलं ते आपण बारा व्होल्टवर चालवायचा हट्ट का करायचा?

सासूबाईंबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. त्यांना रात्री गाडीत झोपवू नका. वाटेतल्या नाको गावाच्या पुढे प्रत्येक मुक्काम होमस्टेमध्ये करा, जिथे खोलीत तंदूर पेटतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर कोरड्या संडासात उकिडवं बसणं जमणार नाही. घडीची कमोड खुर्ची आणि पिशव्या न्या. गाडीतल्या फ्लशच्या टॉयलेटला तिकडे विसरा. उंची हळूहळू चढा, मध्ये मुक्काम वाढवा आणि निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

एवढं करूनही कुठे पाणी राहिलं आणि गोठलं, तर पंप चालू करू नका. नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूने मागे मागे ऊब देत या, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट मिळते. गरम पाण्यात पिळलेली फडकी, कपाटात ठेवलेली गरम पाण्याची पिशवी किंवा हीटरची हवा, एवढंच. ब्लो टॉर्च तर नाहीच नाही.

परतीला रामपूरला पोचलात की लगेच टाकी भरू नका. आधी गीझरचा प्लग, फिल्टरचा बाउल आणि ट्रॅप बसवा, बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि फक्त दहा लिटर टाकून पंप चालवा. गीझर तोवर बायपासवरच ठेवा. ग्लायकॉल टाकलं असेल तर नळाला स्वच्छ पाणी येईपर्यंत ते बादलीत काढा. मग सगळे नळ बंद करा. पंप दाब भरून थांबायला हवा आणि पंधरा मिनिटं पुन्हा सुरू व्हायला नको. मधेच आपोआप घुरघुरला तर गळती आहे. टॉर्च घेऊन आधी फिल्टरचं हेड बघा, मग मिक्सरच्या बुडाशी हात फिरवा, मग जेट स्प्रेचा जोड. हे कोरडे असतील तर टाकीत आणखी पाणी घालून गीझर लाइनमध्ये घ्या, तो काठोकाठ भरून गरमच्या नळाला पाण्याची अखंड धार येऊ द्या, आणि त्यानंतरच खिशातला फ्यूज परत लावा.